लखोबाला टाळ्या, आणि साक्षीदाराला?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



पंधरा दिवसांपूर्वी सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "काका, मेळाव्यात तुम्ही बोलायचं. काहीतरी हलकंफुलकं. टीव्हीवरच्या विनोदी मालिका वगैरे. फक्त बँकेचं नको." शेवटचं वाक्य त्यांनी जरा जोर देऊनच म्हटलं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला बँकेचं बोलू नको म्हणणं म्हणजे माहेरवाशिणीला माहेरचं बोलू नको म्हणण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो. कुठं घसरलोच तर सांभाळून घ्या.

विषय मी निवडला तो कोर्टातल्या विनोदाचा. कारण असं झालं की सुट्टीत माझी पुण्याची नात आली होती आणि ती मोबाइलवर एक अमेरिकन मालिका बघून एकटीच हसत होती. 'नाइट कोर्ट' तिचं नाव. मूळ मालिका १९८४ ते १९९२ अशी नऊ सीझन चालली, आणि २०२३ मध्ये तिची नवी आवृत्तीही निघाली. न्यूयॉर्कमधलं रात्रपाळीचं कोर्ट. न्यायाधीश तरुण, हौशी जादूगार, मधूनच पत्त्यांचे खेळ करणारा. रोज रात्री नवे नग कोर्टापुढं उभे राहतात आणि अर्ध्या तासात निकाल लागतो. अर्ध्या तासात निकाल! आमच्या नातीला त्यातले विनोद हसवत होते, मला हेच हसवत होतं. मी दोन-तीन भाग तिच्याबरोबर बसून बघितले. छान आहेत. पण बघताना सारखं वाटत होतं की बाळ, आमच्या पिढीलाही कोर्टातली विनोदी मालिका होती. ती टीव्हीवर नव्हती, रंगमंचावर होती. आणि तिच्यातला आरोपी आपल्या कराडहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा होता. निपाणीचा.

जुन्या मंडळींनी ओळखलं असेलच. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच'.

तरुणांसाठी थोडं सांगतो. माधव काझी नावाच्या एका भामट्याचा खटला त्या काळात फार गाजला होता. वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या बायकांशी लग्नं करायची, पैसा-दागिने उचलायचे आणि पसार व्हायचं, हा त्याचा धंदा. अत्र्यांनी त्यावरून नाटक लिहिलं. मो. ग. रांगणेकरांनी ते बसवलं आणि ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिला प्रयोग झाला. प्रभाकर पणशीकर त्यात लखोबा लोखंडे झाले आणि आयुष्यभर लखोबाच राहिले. २०११ साली ते गेले, तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी तेच नाव होतं. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव काय दिलं, ठाऊक आहे? 'तोच मी!'

नाटकाची रचना अगदी मालिकेसारखी आहे, म्हणूनच मी त्याला मालिका म्हणतो. कोर्ट चालू आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा. एकेक साक्षीदार येतो, सांगायला लागतो आणि रंगमंच फिरतो. शब्दशः फिरतो, कारण मराठीत फिरता रंगमंच गाजला तो याच नाटकानं. फिरला की आपण त्या साक्षीदाराच्या घरात, त्याच्या आठवणीत. तिथं तोच पणशीकर दुसऱ्या वेषात: कधी मोठ्या हुद्द्याचा दिवाकर दातार, कधी कॅप्टन अशोक परांजपे, कधी राधेश्याम महाराज, कधी दाजीशास्त्री. बोलणं वेगळं, चालणं वेगळं, उभं राहणं वेगळं. रंगमंच पुन्हा फिरला की पिंजऱ्यात लखोबा पहिल्यासारखाच, गरीब गायीच्या चेहऱ्यानं उभा. मधल्या दीड-दोन मिनिटांत या माणसानं कपडे कधी बदलले, आवाज कधी बदलला, हेच लोक एकमेकांना विचारायचे.

मी ते पहिल्यांदा सांगलीला पाहिलं, भावे नाट्यमंदिरात. कॉलेजात होतो. परतीची शेवटची एस.टी. चुकली आणि आम्ही चौघे मित्र स्टँडवर रात्रभर एकमेकांना लखोबाच्या भाषेत साक्षी देत बसलो. ती भाषा म्हणजे निम्मं नाटक होतं हो! मराठीला कानडीचा हेल. निपाणी-बेळगाव पट्ट्यातला माणूस जसा वाक्याच्या शेवटी स्वर लांबवतो, तसा. पुढं नोकरीत माझी तीन वर्षं सीमाभागातल्या एका शाखेत बदली झाली, तेव्हा तिथं एक तंबाखूचे व्यापारी खातेदार होते. अत्यंत सरळ माणूस. पण काउंटरवर आले की कोणीतरी हळूच 'लखोबा आले' म्हणायचंच. ते बिचारे हसून घ्यायचे. एकदा मला म्हणाले, "साहेब, अत्र्यांनी त्याला गुळाचा व्यापारी केला असता तर कोल्हापूरवाल्यांची मजा झाली असती."

आता मला ज्या प्रसंगांबद्दल बोलायचं आहे ते. या नाटकात सर्वांत जास्त हशा कुठं पिकतो, आठवून बघा. लखोबा स्वतःच स्वतःचा वकील आहे. समोर साक्षीला एखादी बाई उभी आहे. तिचं लग्न याच्याशी झालंय, संसार मोडलाय, दागिने गेलेत. ती बोट दाखवून सांगते आहे की हाच तो. आणि हा नम्रपणे, हात जोडून, तिची उलटतपासणी घेतो. मी अडाणी माणूस, तुम्ही शिकलेल्या, तुमची काहीतरी गफलत होतेय, असा त्याचा सगळा आविर्भाव. आणि थिएटर हसतं. मी हसलो, माझे मित्र हसले, पुढच्या रांगेतल्या बायकाही हसल्या.

पुढं मी हे नाटक किमान सात-आठ वेळा पाहिलं असेल. पणशीकरांचं पाहिलं, नंतर नव्या संचात गिरीश ओकांचंही पाहिलं. वय वाढत गेलं तसं माझं लक्ष लखोबावरून सरकून त्या साक्षीदारांच्या पिंजऱ्याकडं जायला लागलं. १९६२ साल. मध्यमवर्गीय घरातली बाई. भर कोर्टात, पुरुषांनी भरलेल्या दालनात उभी राहून सांगते की मला फसवलं. घरच्यांनी तिला 'गप्प बस, अब्रू जाईल' म्हटलं नसेल? नक्की म्हटलं असणार. तरी ती आली. मला आता वाटतं, या नाटकात धीट कोण असेल तर ती. लखोबाला धाडस कसलं लागतं? त्याला फक्त 'नाही' म्हणायचंय.

अत्र्यांची करामत अशी की त्यांनी हे दोन्ही एकाच वेळी उभं केलं. हसू लखोबाच्या वाट्याला आणि खरेपण तिच्या वाट्याला. आपण मात्र घरी येताना हसूच घेऊन आलो. गेली साठ वर्षं गॅदरिंगमध्ये पोरं लखोबाची नक्कल करतात. सुनंदा दातारची साक्ष कुणी केलेली मी तरी पाहिली नाही. शेवट काय होतो ते सांगत नाही. मुलांनी अजून पाहिलं नसेल तर त्यांचा आनंद कशाला घालवू?

सेक्रेटरी माझ्याकडं बघतायत, पण इथं बँक येणारच. कारण 'तो मी नव्हेच' मी रंगमंचावर जेवढ्या वेळा पाहिलं त्याहून जास्त वेळा खऱ्या कोर्टात पाहिलं आहे.

बँकेचा अधिकारी म्हणून वसुलीच्या दाव्यांत मला साक्षीला जावं लागे. १८९१ सालचा एक कायदा आहे, बँकेच्या वह्यांच्या पुराव्याचा. त्यामुळं जाडजूड लेजर कोर्टात न्यावं लागत नाही, प्रमाणित खातेउतारा चालतो. तो घ्यायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि सकाळपासून बाकावर बसून राहायचं. एका दाव्यात ऑइल इंजिनसाठी कर्ज घेतलेला शेतकरी वारला होता आणि जामीनदारावर दावा होता. जामीनदार गावातला वजनदार माणूस. पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "ही सही माझी नव्हेच." लेजर माझ्या हातचं, सही माझ्यासमोर झालेली, चहा मी पाजलेला. पण तो इतक्या शांतपणे म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, खरंच नसेल बाबा.

आमचे वकील म्हातारे होते, कमी बोलणारे. त्यांनी कागदपत्रांतून एकच कागद काढला आणि जज्जसाहेबांपुढं प्रॉमिसरी नोटेच्या शेजारी ठेवला. तो होता जामीनदारानं स्वतःच्या वकिलाला दिलेलं वकीलपत्र. त्यावरची सही तर त्याची होतीच, नाहीतर त्याचा वकील तिथं उभा कसा? दोन सह्या ताडून बघायचा अधिकार कोर्टाला आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी दोन्हीकडं सारखीच वर वळलेली. जज्जसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "मग हे वकीलपत्र तरी तुमचंच ना?" सगळं कोर्ट हसलं. जामीनदारही हसला, आणि पुढच्या तारखेला तडजोड करून मोकळा झाला.

या धंद्यात एक गोष्ट कळते. खोटं बोलणारा ठासून बोलतो, कारण त्याचं पाठ झालेलं असतं. खरं बोलणारा अडखळतो, कारण त्याला आठवावं लागतं. तारीख सांगताना तो "बहुतेक मंगळवार असावा" म्हणतो आणि समोरचा वकील त्याच 'बहुतेक'वर झडप घालतो. आम्ही बँकेत म्हणूनच माणसाच्या बोलण्यावर नाही, कागदावर जात असू. नवीन खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. लोक वैतागत. पण दिवाकर दातारसारख्या माणसाला एकानं जरी विचारलं असतं की साहेब, तुमच्या ऑफिसचा पत्ता द्या, मी उद्या येऊन जातो, तर नाटक पहिल्याच अंकात संपलं असतं. लग्न जमवताना आपल्याकडं पत्रिका बघतात, हुद्दा ऐकतात. ऑफिसात जाऊन कोण बघतो?

कोर्टातल्या हसण्याबद्दल बोलतोय तर तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' टाळता येणार नाही. १९६७ साली 'रंगायन'नं केलं, अरविंद देशपांडे दिग्दर्शक, आणि बेणारेबाई सुलभा देशपांडे. ते काही विनोदी नाटक नव्हे, पण सुरुवात आठवा. प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी, हातात वेळ, म्हणून गंमत म्हणून खोटं कोर्ट भरवतात. आरोपी कोण, तर त्यांच्यातलीच एक शिक्षिका. हसतखेळत चाललेलं असतं. आणि हळूहळू लक्षात येतं की कोर्ट खोटं आहे, पण आरोप तिच्या खऱ्या आयुष्यातले आहेत. सगळे मिळून त्या एकट्या बाईला घेरतात. खेळ म्हणून बाकीचे घरी जातील, ती कुठं जाईल? हे डोक्यात ठेवा, मी परत इकडं येणार आहे.

आणि सोसायटीच्या मेळाव्यात 'मोहन जोशी हाजिर हो!' विसरून कसं चालेल? सईद अख्तर मिर्झांचा १९८४ चा हिंदी चित्रपट, पण नायक आपला जोशी. मुंबईतली मोडकळीस आलेली चाळ. म्हातारा मोहन जोशी आणि त्याची बायको मालकावर दावा ठोकतात की इमारतीची दुरुस्ती कर. म्हातारा झाला आहे भीष्म साहनी, म्हणजे 'तमस' लिहिणारे मोठे लेखक. म्हातारी दीना पाठक. वकील नसीरुद्दीन शाह आणि सतीश शाह. समोरून रोहिणी हट्टंगडी. सगळे वकील मिळून तारखांवर तारखा खातात आणि जोशीचा खिसा रिकामा होतो. शेजारी त्यालाच हसतात. अखेर जज्ज स्वतः इमारत बघायला यायचे ठरतात, तर मालक घाईघाईनं टेकू लावून सगळं ठाकठीक दाखवतो. मग मोहन जोशी काय करतो? टेकूच ओढतो.

आपल्या सोसायटीत पाचव्या-सहाव्या वर्षी गच्ची गळत होती, तेव्हा एका जनरल बॉडीत अडीच तास भांडण झालं. त्यानंतर मी या चित्रपटाची कॅसेट आणून दाखवायचं सुचवलं होतं. कमिटीनं तो ठराव पुढच्या सभेपुढं ठेवला. अजून तो पुढच्याच सभेपुढं आहे. असो. जमिनीचं कन्व्हेयन्स डीड झालं, गच्ची गळायची थांबली, त्या लढाईतली काही माणसं आज आपल्यात नाहीत. त्यांच्याबद्दल अध्यक्षांनी लिहिलेलं याच स्मरणिकेत आहे, म्हणून मी पुन्हा सांगत नाही.

आता टीव्हीकडं येतो, नाहीतर सेक्रेटरी म्हणतील विषय टीव्हीचा होता.

टीव्हीनं आणि सिनेमानं आपल्याला कोर्ट कसं असतं ते शिकवलं. जज्ज हातोडा आपटतात, 'ऑर्डर ऑर्डर' म्हणतात, वकील फिरत फिरत भाषणं देतात, एका दिवसात निकाल. मी वीस-बावीस वर्षं अधूनमधून कोर्टात बसलो, एकाही जज्जसाहेबांच्या हातात हातोडा पाहिला नाही. आपल्याकडच्या कोर्टात त्याची पद्धतच नाही. तिथं पंखा करकरतो, टंकलेखक मधेच "साहेब, परत सांगा" म्हणतो आणि दर दहा मिनिटांनी पुकारा होतो. हे दाखवलं तर मालिका कोण बघेल? म्हणून हातोडा. यात गंमत म्हणून काही वाईट नव्हतं. पण आता त्या हातोड्याचा आवाज ऐकवून लोकांना लुटायला लागलेत.

२०२४ सालची गोष्ट आहे, पेपरात सविस्तर आली होती. लुधियानाचे एस. पी. ओसवाल, वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख, पद्मभूषण, वय ८२. त्यांना फोन आला की तुम्ही मनी लाँडरिंगच्या गुन्ह्यात अडकला आहात. मग व्हिडिओ कॉलवर पोलीस, तपास अधिकारी, आणि शेवटी चक्क सर्वोच्च न्यायालय! खोटी सुनावणी झाली. न्यायाधीश म्हणून सरन्यायाधीशांचंच नाव सांगितलं. चेहरा दिसत नव्हता, पण बोलणं आणि हातोडा आपटल्याचा आवाज ऐकू येत होता, असं त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांच्याकडून सात कोटी रुपये काढून घेतले. त्यांनी तक्रार केली, आणि सव्वापाच कोटींच्या आसपास रक्कम परत मिळाली. एवढा मोठा उद्योग चालवलेला माणूस! तेव्हा कृपा करून कोणी म्हणू नका की फसणारे मूर्ख असतात.

याला ते लोक 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. कायद्यात असं काही नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं. लखोबा पूर्वी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून 'मी नव्हेच' म्हणायचा. आता तो न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलाय, पोलिसाचा गणवेशही त्याचाच, सरकारी वकीलही तोच. फिरता रंगमंच आता आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. आणि पिंजऱ्यात आपण.

हे सगळं मी का सांगतोय? कारण हे लुधियानाला झालं तसं आपल्या सोसायटीतही झालं. बहुतेकांना माहीत नाही. ज्यांच्या बाबतीत झालं त्यांनी मला सांगायची परवानगी दिली आहे, नाव सोडून. त्या आज इथं बसलेल्या आहेत. मान वळवून शोधू नका.

त्या निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्या राहतात. एका सकाळी फोन आला की तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस. मग 'कोर्ट'. दोन दिवस त्या एका खोलीत बसून होत्या, कॅमेरा बंद करायचा नाही असा हुकूम. कामवालीला उंबऱ्यातूनच परत पाठवली. शेजारणीनं दार वाजवलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. कोणाला सांगितलं तर त्यालाही अटक होईल, असं बजावलेलं. बेणारेबाईंभोवती सहा-सात जण होते. यांच्याभोवती एक मोबाइल, पण वेढा तोच. पहिल्या दिवशी त्यांनी १ लाख ८० हजार रुपये ऑनलाइन पाठवले. दुसऱ्या दिवशी एफ.डी. मोडायला बँकेत गेल्या. ११ लाखांची. फोन चालूच, पर्समध्ये.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. मुदत संपायला चार महिने राहिलेली ठेव बाई का मोडतायत, म्हणून तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, घरात कार्य आहे. पण बोलताना त्या सारख्या पर्सकडं बघत होत्या. त्या मुलीला शंका आली. ती मोठ्यानं काही बोलली नाही. पैसे भरायच्या स्लिपच्या मागं तिनं लिहिलं: 'मॅडम, कोणी फोनवर धमकावतंय का?' आणि स्लिप पुढं सरकवली. बाईंनी वाचलं आणि तिथंच रडायला लागल्या.

माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं चांगलं काम केल्याचं मला आठवत नाही.

त्या मुलीनं पर्समधला फोन काढून बंद केला आणि १९३० नंबर लावून दिला. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा हा सरकारी नंबर आहे. तो आता आपल्या चारही लिफ्टमध्ये चिकटवलाय, तो का, हे तुम्हाला आज कळलं. एफ.डी. वाचली. गेलेल्या रकमेपैकी काही पुढच्या खात्यात गोठवली गेली.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. पुढचे दोन महिने बाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. मुलगा परदेशात, त्यालाही नाही. मला सांगितलं ते एफ.डी.चा एक फॉर्म भरायला आल्या तेव्हा, तेही निम्मंच. म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलांना शहाणपण शिकवलं, आता लोक मला हसतील." मी त्यांना सुनंदा दातारची गोष्ट सांगितली. म्हटलं, बाई, हसणारे हसतात लखोबाकडं बघून. तुम्ही साक्षीला उभ्या राहिला नाहीत तर खटलाच उभा राहत नाही. त्या म्हणाल्या, ते नाटक होतं. मी म्हटलं, तुमचं तर त्याहून मोठं नाटक होतं, फक्त तिकीट फार महाग पडलं. तेव्हा कुठं त्या थोड्या हसल्या.

मग त्यांनी मुलाला सांगितलं, पोलिसांत सविस्तर जबाब दिला. गोठवलेली रक्कम परत मिळायची तर कोर्टाचा आदेश लागतो, म्हणून अर्ज केला. गेल्या महिन्यात आमची पहिली तारीख होती. खरं कोर्ट, आपलं कराडचं. मी बरोबर होतो. बाई आत गेल्यापासून वर बघत होत्या. मला हळूच विचारलं, "हातोडा कुठंय?" मी म्हटलं, नसतो. पंखा करकरत होता. साडेअकराला पुकारा झाला. अर्जदार कोण, असं विचारलं. बाई उभ्या राहिल्या. आवाज वर्गात हजेरी घ्यायच्या वेळचा होता. म्हणाल्या, "मीच."

काम तीन-चार मिनिटांत झालं. काही कागद कमी होते, पुढची तारीख मिळाली. ती या महिन्याच्या चौथ्या मंगळवारी आहे. सी विंगमधले दोघे आणि मी बरोबर जाणार आहोत. गाडीत अजून एका माणसाची जागा आहे. ज्यांना खरं कोर्ट कसं असतं ते बघायचं असेल त्यांनी मला चहाच्या वेळी सांगा. सकाळी दहाला गेटवरून निघू.